बालाघाटाकडचे गुरुजी

गुरुजी आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, लग्नाच्या वेळी तुमचं वय काय होतं?”

नाव विचारलं नाही, शाळेत मुलं किती हेही विचारलं नाही. चिखलाने भरलेल्या चपला पायरीवर काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि थेट हे विचारलं. मी चमकले. पण माणसाच्या चेहऱ्यावर चहाटळपणा नव्हता. ताप कधीपासून आहे असं डॉक्टर विचारतात, तसा तो चेहरा होता. मी म्हणाले, सव्वीस. त्यांनी मान हलवली, स्वतःशीच ‘सव्वीस’ म्हणाले आणि मग विचारलं, “आणि तुमच्या आईचं?”

आठवड्याभरात वाडीतल्या बहुतेक बायकांना हा प्रश्न विचारून झाला. विहिरीवर, रेशनच्या दुकानात, एसटीची वाट बघताना. बायका माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “ह्यो मास्तर शाळा शिकवायला आलाय की सोयरिका जमवायला?” शेवटी मी गुरुजींना आडवळणाने सांगितलं की इकडे असं विचारत नाहीत. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाले, आमच्याकडं विचारायलाच लागत नाही, बाईकडं बघितलं की कळतं.

आमची शाळा संगमेश्वर तालुक्यात, देवरुखहून बरीच आत. सातवीपर्यंतचे वर्ग आणि आम्ही दोनच शिक्षक. मी तिथलीच, बौद्धवाडीत सासर. नवरा मुंबईला कंपनीत, मुलगी पुण्याला शिकायला, घरात मी आणि सासूबाई. माझ्या जोडीला जे शिक्षक यायचे ते बहुतेक लांबच्या जिल्ह्यांतले. आल्या दिवसापासून त्यांचे डोळे बदलीकडे. त्यात त्यांचा दोष नव्हता. घरदार तिकडे, म्हातारे आईबाप तिकडे, आणि इथे भाड्याच्या खोलीत चार महिने पाऊस ऐकत बसायचं. दरवर्षी कोणी ना कोणी निरोपाचा नारळ घेऊन जायचं. गुरुजी मात्र दुष्काळी बालाघाटाच्या डोंगराच्या अंगचे, सगळ्यांत लांबचे, आणि बदलीचं नावही काढायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, “बघू या.” लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल विचारलं तरी “बघू या” म्हणायचे.

राहायला त्यांना मुंबईकरांचं एक बंद घर मिळालं होतं. आमच्या वाडीत अशी घरं उघड्या घरांपेक्षा जास्त आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. हळूहळू लोकांनी त्यांच्याकडेच किल्ल्या ठेवायला सुरुवात केली. रविवारी ते एकेक घर उघडून, खिडक्या ढकलून, आत उभे राहायचे. झाडलोट वगैरे काही नाही, नुसते उभे राहायचे. एकदा मला म्हणाले की त्यांच्या घरी एका खोलीत सगळे झोपायचे, पावसाळ्यात शेळ्यासुद्धा, आणि इथे टाइल्स लावलेल्या चार खोल्या कोणासाठी वाट बघतायत ते त्यांना समजत नाही.

ज्वारीचं पीठ ते कोल्हापूरहून येणाऱ्या कोणाकडून तरी मागवायचे आणि स्वतः भाकरी थापायचे. मासे शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. पाणी उरलं तर ओतत नसत. भर पावसातसुद्धा पेल्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी घालायचे, तेव्हा ती जास्वंद गुडघाभर पाण्यात उभी असायची. शाळेमागच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पूर आला की काठावर जाऊन बघत राहायचे. हेच पाणी मे महिन्यात मिळत नाही आणि आमची वाडी टँकरची वाट बघते, हे पहिल्या उन्हाळ्यात त्यांना कळलं तेव्हा ते मनापासून चिडले. कोणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणखी एक सवय होती. मुलगा वर्गात आला की त्याचा दंड दोन बोटांत धरून बघायचे. रोज नाही, पण सुट्टीनंतर नक्की. मुलींच्या बाबतीत मी त्यांना हटकलं, तेव्हा ओशाळले आणि म्हणाले, मग तुम्ही बघत जा मॅडम, पण बघत जा. सुट्टीत पोट भरलं की नाही हे तिथं कळतं, लेकरू तोंडानं सांगत नाही. आमच्या मुलांचे दंड तसे बरे होते. तांदूळ होता, मुंबईचे पैसे होते. एखादा दंड बारीक लागला तर गुरुजी दुपारच्या खिचडीत त्याच्या ताटात डाव कलता करायचे.

एका प्रशिक्षणाला आम्ही दोघं देवरुखला गेलो होतो. वरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर राज्याचा नकाशा दाखवला. कुठला जिल्हा किती पुढे गेला, शिक्षण, आरोग्य, उत्पन्न सगळं धरून, त्याप्रमाणे रंग दिले होते. आमच्या जिल्ह्याचा रंग हिरव्याकडे झुकणारा, गुरुजींच्या जिल्ह्याचा तांबडा. साहेबांनी इथल्या लोकांचं कौतुक केलं. दहावीचे निकाल बघा, मुलींचं शिक्षण बघा, म्हणाले. टाळ्या झाल्या. तेवढ्यात गुरुजी उभे राहिले.

“साहेब, हा रंग जमिनीला आहे का माणसाला?”

साहेबांना प्रश्न कळला नाही.

“नाही, मी तांबड्यातून हिरव्यात आलो. तर मी आता कोणत्या रंगाचा? आणि इथली एखादी मुलगी तिकडं नेली, तर ती वाटेत कुठं बदलंल?”

हॉलभर हशा झाला. साहेबही हसले आणि चहाची सुट्टी जाहीर केली. गुरुजी विनोद करत नव्हते. परतताना एसटीत मला म्हणाले, “हसण्यासारखं काय होतं त्यात?” मीही हसले होते.

त्यांच्या बहिणीबद्दल मला कळलं ते तुकड्यातुकड्यांत. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत चढायचं ते उन्हाळ्यातच परत. एका मुलाला शिकवायचं तर त्याला गावाकडे ठेवायला हवं, आणि गावाकडे ठेवायचं तर त्याला करून घालायला कोणीतरी हवं. म्हणून आक्काला शाळेतून काढलं. ती तेव्हा पाचवीत होती आणि हुशार होती, त्यांच्यापेक्षा हुशार, असं ते म्हणायचे. तिने धाकट्या भावाला भाकरी करून घातली, पाणी आणलं, शाळेत पाठवलं. भाऊ सातवीत गेला तेव्हा तिचं लग्न झालं. मग ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला लागली. भाऊ डीएड झाला. त्यांनी लग्न का केलं नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण आक्काबद्दल बोलताना ते आपल्या तळहातांकडे बघत बोलायचे.

आमच्या शाळेचा पट दरवर्षी खाली येत होता. आईबाप मुंबईला, मग मुलंही मुंबईला. इंग्रजी शाळेची गाडी आली तशी उरलेल्यांतली काही तिकडे. पट असाच घसरला तर शाळा बंद होणार हे उघड होतं. गुरुजी मोकळ्या बाकांकडे बघून एकदा म्हणाले, “इथं शाळा आहे, लेकरं नाहीत. तिथं लेकरं आहेत, दिवाळीनंतर शाळेत कुणी नाही. दोन्हीकडं घंटा मात्र वाजायली.”

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना ते आक्काच्या मुलीला घेऊन आले.

शीतल तिचं नाव. सहावीत होती, पण वाचायची दुसरीतल्या मुलासारखी. निम्मं वर्ष उसाच्या फडात गेलं की असंच होतं. केस तेलाशिवाय राठ, अंगावर मामाने नवा घेतलेला स्वेटर, आमच्या दमट हवेत तो घालून ती घामाने निथळत होती तरी काढत नव्हती. एकट्या पुरुषाच्या घरी वाढत्या वयाची मुलगी नको, असं सासूबाईंनीच सांगितलं आणि तिला आमच्या घरी ठेवून घेतलं. गुरुजी संध्याकाळी जेवायला आमच्याकडे यायचे, तिचा अभ्यास घ्यायचे आणि अंधार पडायच्या आत जायचे. वाडीला जी काही कुजबूज करायची होती ती तिथेच थांबली.

शीतलने आम्हाला वेगळ्याच कामाला लावलं. पहिल्या महिन्यात ती पहाटे उठून अंगण झाडायची, भांडी घासायची, पाणी भरायची, आणि मी काही म्हणायच्या आत चूल पेटवायची. तिला थांबवणं अवघड होतं. काम केलं नाही तर परत पाठवतील असं तिला वाटत होतं. सासूबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, “तू हितं शिकायला आलंयस. भांडी मी घासीन.” त्यावर ती रडली. का रडली ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या मार्चपर्यंत ती धडे वाचायला लागली. पुढचं वर्ष तिच्या आयुष्यातलं असं पहिलं वर्ष, की जून ते एप्रिल ती एकाच शाळेत बसली. आमच्या मुलांचा हेल तिने इतका उचलला की गुरुजी हसायचे. “काय ओ मामा” म्हणून हाक मारायची, सासूबाईंना आजी म्हणायची. कुळथाची पिठी आणि भात आवडीने खायची. गुरुजी मासे खात नसत, ही मात्र सासूबाईंच्या ताटातलं सुकट वेचून खायची.

सासूबाईंना झटका आला तो शीतल आठवीत असताना. दुपारची वेळ होती. मी शाळेत होते. शीतल हायस्कुलातून लवकर आली होती, तिने त्यांना ओटीवर वाकडं पडलेलं पाहिलं आणि धावत शाळेत आली. गाडी मिळाली, पण जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. ती जागा कित्येक दिवस भरलेलीच नव्हती. रत्नागिरीला नेलं. तिथे सांगितलं, मेंदूचं आहे, कोल्हापूरला न्या. तीच गाडी उलटी वळवून आंबा घाटाने कोल्हापूरला. गुरुजी बरोबर होते. सगळी वाट ते सासूबाईंचा हात धरून बसले होते. सासूबाई वाचल्या, पण उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर.

परतीच्या वाटेवर गुरुजी म्हणाले, “तुमच्याकडचे डॉक्टर झालेले असतील की कितीतरी. कुठं आहेत ते?”

मी म्हणाले, मुंबईला. पुण्याला. परदेशात.

“तुमच्याकडं माणसं शिकून जातात,” ते म्हणाले. “आमच्याकडं न शिकता जातात. जातात दोन्हीकडं.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मला माझी पुण्याची मुलगी आठवली. तिचं शिक्षण संपत आलं होतं आणि ती परत येणार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सासूबाईंचं सगळं अंथरुणावर. मला शाळा. शीतलने त्यांची शुश्रूषा केली, आणि ती तिने नाइलाज म्हणून केली नाही. त्यांचा लुळा हात रोज तेल लावून चोळायची, मालिश कशी करायची ते कोल्हापूरला दवाखान्यात त्यांच्याजवळ राहिली तेव्हा तिथल्या नर्सकडून शिकून आली होती. सासूबाई उजव्या हाताची बोटं पहिल्यांदा हलवू शकल्या तो दिवस आमच्या घरात सणासारखा होता. त्याच दिवशी शीतलने सांगितलं की ती नर्स होणार. गुरुजींनी ऐकलं आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

नववीची परीक्षा झाली आणि दाजी, म्हणजे शीतलचे वडील, तिला न्यायला आले. साधा माणूस, थकलेला. आमच्याकडे दोन दिवस राहिले. सासूबाईंच्या पाया पडले. मुलीची वही उघडून अक्षर बघितलं आणि बंद केली. गावाकडे माझी आई आजारी आहे, नातीला बघायचं म्हणते, महिनाभर राहील आणि शाळेआधी आणून सोडतो, म्हणाले. गुरुजी स्टँडवर सोडायला गेले. शीतलने दप्तर आमच्याकडेच ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी गावाकडून कोणाचा तरी फोन आला की लग्न ठरलंय, उद्या सकाळचंच आहे. मुलगा चांगला आहे, तोडीला जातो, आणि तोडीला नवराबायकोची जोडी लागते.

गुरुजींनी आक्काला फोन लावला, तिने उचलला नाही. दाजींनी उचलला आणि ठेवला. मग ते आमच्या ओटीवर येऊन बसले. जायला वेळ नव्हता, पोचेपर्यंत अक्षता पडल्या असत्या. तक्रार करायची तर फोनवर करता येत होती. पण ती सख्ख्या बहिणीविरुद्ध. दुपारभर ते बसून राहिले. सासूबाईंना अजून नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने फोनकडे बोट दाखवलं. गुरुजींनी फोन केला.

पोलीस गेले, गावातले अधिकारी गेले. मांडव थांबला. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं आईबापांकडून लिहून घेतलं आणि सगळे परत गेले. गुरुजी रात्रीची गाडी पकडून निघाले ते तिथे पोचले तेव्हा घरात आक्का एकटीच बसली होती. बाकीचे सगळे शीतलला घेऊन पहाटेच दुसऱ्या तालुक्यातल्या एका देवळात गेले होते. तिथे चार माणसांत लग्न लागलं.

आक्का काय म्हणाली ते गुरुजींनी मला फार नंतर सांगितलं. ती ओरडली नाही. भावाला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, “तू शिकावं म्हणून मला शाळेतून काढलं, तवा मी कुणावर पोलीस बोलावले होते का?”

ते परत आले. शाळा सुरू झाली. त्यांनी शिकवलं, पुस्तकं वाटली, सगळं केलं. पण बायकांना वय विचारायचं सोडलं. बंद घरं उघडायची सोडली, किल्ल्या एका दोरीत ओवून माझ्याकडे आणून दिल्या. संध्याकाळी आमच्याकडे यायचे, सासूबाईंना पेपर वाचून दाखवायचे आणि जायचे. शीतलचं दप्तर कपाटावर होतं. त्याकडे ते बघत नसत आणि मीही ते खाली काढलं नाही.

दिवाळीनंतर कळलं की शीतल आणि तिचा नवरा कोल्हापूरकडच्या फडात आलेत. म्हणजे आमच्यापासून एक घाट ओलांडला की झालं. गुरुजींनी पत्ता काढला. शीतल पोटुशी असल्याचंही त्यांना कळलं होतं. एका रविवारी म्हणाले, मॅडम, तुम्ही बरोबर चला, बाईमाणूस असलेलं बरं. त्यांचं ठरलं होतं. तिला घेऊन यायचं, बाळंतपण रत्नागिरीला करायचं, आणि मग बाहेरून दहावीला बसवायचं.

आम्ही देवरुखहून पहिली एसटी धरली. घाट चढला की हवा बदलते, माती बदलते, आणि मलकापूर सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोपी होत्या, वाकवलेल्या काठ्यांवर ताडपत्री आणि पाचट. शीतल फडात होती. कोयता हातात, डोक्याला फडकं, अंगावर साडी आणि त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आम्हाला बघून आधी थबकली. मग तोच आमचा हेल, “काय ओ बाई, आजी कशी हाय?”

तिने कोयता खाली ठेवला नाही. ऊस तोडत तोडत बोलत राहिली, कारण गाडी भरायला येणार होती. तिचा नवरा मागे मोळ्या बांधत होता. त्याला मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. त्याने येऊन गुरुजींना नमस्कार केला आणि कुठून तरी आमच्यासाठी चहा आणला. मी वाईट माणूस बघायच्या तयारीने गेले होते. तो नव्हता.

गाडी भरून गेल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली. तिच्या हातांवर पात्यांनी कापल्याच्या रेघा होत्या. मी न राहवून तिचा दंड धरला. ती हसली. गुरुजींनी सगळं सांगितलं. खोली, दवाखाना, परीक्षा. नवऱ्याशी आपण बोलू म्हणाले, मुकादमाशी बोलू. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

“मामा, मी आले तर माझ्या जागेला सासू येणार तोडीला,” ती म्हणाली. “मग घरी म्हाताऱ्या सासऱ्याला कोण करून घालणार? नणंदेला शाळेतून काढतील. सहावीला आहे ती. चांगली आहे अभ्यासात.”

तिने डोक्याच्या फडक्याने तोंड पुसलं.

“मी तिला सांगून आलेय, की मी आहे तवर तू शाळा सोडायची नाही.”

मग ती उठली, कारण दुसरी गाडी दिसायला लागली होती. जाताना मला म्हणाली, बाई, आजीचा हात चोळता ना, सोडू नका, थंडीत आखडतो.

घाटात एसटी बंद पडली. सगळे उतरून कठड्याशी उभे राहिले. एका बाजूला देश, एका बाजूला कोकण. गुरुजी कोणत्याच बाजूला बघत नव्हते. म्हणाले, “आक्कासारखीच बोलली.” त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि दुसरी गाडी येईपर्यंत सोडला नाही.

शीतलचं मूल फडातच झालं, वेळेच्या आधी, आणि राहिलं नाही. ती वाचली. आम्हाला कळलं तेव्हा ती पुन्हा कामाला लागली होती.

त्या वर्षी गुरुजींनी बदली मागितली. आमच्या लोकांना वाटलं, शेवटी तेही कंटाळले. निरोपाच्या दिवशी कोणीतरी भाषणात म्हणालं की गुरुजी आपल्या माणसांत चालले, आनंद आहे. त्यांनी स्वतःचं गाव मागितलंच नव्हतं. शीतलच्या सासरचं गाव मागितलं होतं, तिथल्या शाळेत जागा कायम रिकामीच असायची. हे त्यांनी मला आणि सासूबाईंनाच सांगितलं. सासूबाईंनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी पटावर दोन मुलं उरली आणि आमची शाळा बंद झाली. मला संगमेश्वरजवळच्या शाळेत नेमणूक मिळाली.

गुरुजींचा फोन येतो. वर्गात लेकरं मावत नाहीत म्हणतात, दिवाळीपर्यंत. त्यानंतर ओळी मोकळ्या होत जातात. पहिल्या वर्षी ती नणंद त्यांच्या वर्गात होती. फार हुशार, शीतलपेक्षाही, असं ते सांगायचे आणि त्यांच्या आवाजात पूर्वीचं काहीतरी परत यायचं. एरवी ते कोणाचं कौतुक करत नसत.

परवा बोललो तेव्हा मी शीतलचं विचारलं.

“दिवस गेलेत पुन्हा,” ते म्हणाले. “यंदा तोडीला गेली नाही. मागच्या वेळेला तसं झालं म्हणून घरच्यांनीच सांगितलं, जाऊ नको. सासू गेली तिच्या जागेला.”

“बरं झालं,” मी म्हणाले.

“हो. तिला झोपून राहायला सांगितलंय.”

मी विचारलं, “आणि नणंद?”

“तीच बघते सगळं. पाणी, भाकरी, म्हाताऱ्याचं. शीतल रडते, नको म्हणते, उठायला बघते. मग पोरगीच तिला रागावून झोपवते.”

“तुम्ही घरी गेला होता का?”

“रोज जातो. म्हातारा खाट टाकतो बसायला. माणसं चांगली आहेत मॅडम, मला कुणी तोडून बोलत नाही. होय गुरुजी म्हणतात, पोरीला शाळेत पाठवू म्हणतात, एवढं बाळंतपण होऊ द्या म्हणतात.”

मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. मधली सुट्टी असावी.

“चहा तीच करून आणते,” गुरुजी म्हणाले.